कोपऱ्यातल्या दोन खुणा

गेल्या वर्षी पेपरात एक बातमी आली. मराठवाड्यातल्या एका तरुणानं नवा उद्योग काढला, दीडशे जणांना रोजगार दिला, म्हणून त्याचा सत्कार झाला. खाली त्या दीडशेंपैकी काहींची नावं होती आणि पहिलंच नाव होतं गुरुलिंग हत्तरगे, लातूर. बातमी आली त्या दिवशी हे पहिल्या नंबरचे रोजगारवाले माझ्या दुकानाच्या पायरीवर रिकाम्या हातानं बसले होते. मी त्यांना बातमी वाचून दाखवली. ते म्हणाले, "परत वाच." मी परत वाचली. मग त्यांनी पेपराची घडी घालून बाजूला ठेवली. मला मात्र संताप आला, आणि त्यातला निम्मा संताप माझा माझ्यावरच होता. का, ते सांगतो.

माझं नाव सलीम. लातूरच्या ट्यूशन एरियात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आता त्यात आधार कार्डाच्या प्रती निघतात आणि मोबाइलची कव्हरं विकली जातात, पण एके काळी चार मशिनी होत्या आणि चारही मशिनींवर दिवसभर एकाच माणसाचं अक्षर फिरत असे. हा माणूस म्हणजे गुरुलिंगअप्पा. माझं स्वतःचं अक्षर असं, की माझी बायको जोहरा मला किराण्याची यादीसुद्धा लिहू देत नाही. म्हणजे जन्मभर मी दुसऱ्याच्या अक्षरावर जगलो. हे मी लाजेनं सांगत नाही. लाज वाटावी असं पुढं आहे.

अप्पा किल्लारीच्या पलीकडच्या एका गावचे. दहावीपर्यंत शिकलेले. गावात भिंती रंगवायचे. कुटुंबनियोजन, अल्पबचत, ग्रामपंचायतीला जे पाहिजे ते. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात, गणपती बुडवले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, भूकंपात ते गाव खाली बसलं. भिंतीही गेल्या आणि वाचणारेही गेले. तंबू उभे राहिले, पाऊस लागून राहिला, आणि मेलेल्यांची यादी करायला कोणी तरी धड अक्षराचं पाहिजे होतं. ते काम अप्पांकडं आलं.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. कोणी तरी ऐकीव सांगितलं म्हणून यादीत अप्पांच्या बायकोचं, मल्लम्माचं नाव गेलं. अप्पांनीच लिहिलं, आपल्या हातानं. संध्याकाळी निरोप आला, की ती पाय मोडून सोलापूरच्या दवाखान्यात आहे आणि जिवंत आहे. तेव्हापासून अप्पांनी एक नियम केला. सांगणारा एकच असेल तर नाव लिहायचं नाही. डोळ्यांनी पाहिलेली दोन माणसं पाहिजेत. दोघांनी सांगितलं, की नाव शाईनं लिहायचं आणि कडेला दोन बारीक खुणा करायच्या, मास्तर बरोबरला करतात तशा.

त्यांचा मुलगा दोन वर्षांचा होता, बसवराज. त्याला दगडांखालून त्यांनी एकट्यानंच काढलं होतं आणि एकट्यानंच मूठमाती दिली होती. पाहणारा दुसरा कोणी नव्हता. म्हणून त्याचं नाव त्यांनी लिहिलं नाही. लोक म्हणाले, अप्पा, आता स्वतःच्या लेकराला कुठं नियम लावता. अप्पा ऐकेनात. तिसऱ्या दिवशी शेजारचा ग्यानोबा तंबूत आला आणि म्हणाला, "म्या बी लांबून बघितलो, अप्पा. तुझ्या हातावर व्हतं लेकरू. लिही." तेव्हा त्यांनी ते नाव लिहिलं आणि कडेला दोन खुणा केल्या. हे मला त्यांनी वीस वर्षांनी सांगितलं, चहाचा कप हातात धरून, आणि चहा तसाच गार झाला.

नंतर ते मल्लम्माला घेऊन लातूरला आले. आधी एका डाळ मिलमध्ये पोत्यांवर मार्का मारायचे. तिथं क्लासच्या एका सरांनी त्यांचं अक्षर पाहिलं. ते दिवस क्लासेस वाढण्याचे होते. कुठून कुठून पोरं यायची, नांदेड, परभणी, बीड, पार बुलढाण्याकडची. एका खोलीत चार पोरं, प्रत्येकाच्या उशाशी नोट्स. सरांना नोट्स हातानं लिहिलेल्या पाहिजे होत्या, कारण छापील पुस्तक पोरांना कुणाचंच वाटत नाही आणि हातानं लिहिलेलं आपल्यासाठी लिहिल्यासारखं वाटतं. अप्पा कोऱ्या कागदाखाली रेघांचा कागद ठेवायचे, आकृत्या आधी शिसपेन्सिलीनं काढायचे, आणि शाई भरायच्या आधी कच्चं पान दोन वेगवेगळ्या सरांकडं पाठवायचे. विषय आपल्याला कळत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून दोघांनी तपासल्याशिवाय ते टाक उचलायचे नाहीत. मग पानाच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, दोन बारीक खुणा.

पोरांत ते पसरायला वेळ लागला नाही. "दोन खुणा बघून घे," असं एक पोरगं दुसऱ्याला सांगायचं. सर घाईला आले की चिडायचे. म्हणायचे, अप्पा, परीक्षा तोंडावर आली, एकानं तपासलं की बास झालं. अप्पा म्हणायचे, "मग खुणा करीत न्हाई." खुणा नसलेलं पान कोणी विकत घेत नसे, त्यामुळं सरांना दुसऱ्या सरांचे पाय धरावे लागायचे. मला ते बघायला फार आवडायचं.

त्या अक्षराभोवती आमची सगळी गल्ली उभी राहिली. अप्पांनी हाताखाली सात-आठ लिहिणारे तयार केले. झेरॉक्सची अकरा दुकानं झाली. नीलाबाईसारख्या बायका दुकानामागं बसून पानांना भोकं पाडायच्या आणि स्पायरल घालायच्या. आम्ही त्याला रोजगार कधी म्हटलं नाही. आम्ही त्याला काम म्हणायचो. कदाचित म्हणूनच कोणी मोजलं नाही.

हरिओम त्याच पोरांतला. अर्धापूरचा, बाप रामकिशन केळीवाला शेतकरी. दोन वर्षं तो अप्पांच्याच नोट्सवर जगला, माझ्या बाकावर बसून वडे खायचा. पुढं नांदेडच्या विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलं. मग काही वर्षांनी एक दिवस गाडीतून उतरला आणि थेट अप्पांच्या पायाला हात लावला. मी खोटं बोलणार नाही, त्याचं प्रेम खरं होतं. खऱ्या प्रेमानंच जास्त नुकसान होतं, कारण माणूस सावध राहत नाही.

तो म्हणाला, "अप्पा, नांदेडला कंपनी काढून राहिलो. नोट्स मोबाइलवर देणार, पण तुमच्या अक्षरात. तुमचं अक्षर लई दूर न्यायचं हाय."

त्यानं चौकटी छापलेले कागद दिले. प्रत्येक चौकटीत एक अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. अप्पा नऊ दिवस माझ्या दुकानात बसून ते भरत होते. एकच अक्षर पाच-पाच वेळा लिहायचं होतं. अप्पांनी विचारलं, "सारखंच पाच डाव काहून?"

"माणूस दर वेळी सारखं लिहीत न्हाई ना, अप्पा. खरं वाटलं पायजे."

शेवटच्या कागदावर दोन चौकटी होत्या. एकीत त्या दोन खुणा करायच्या होत्या, दुसरीत सही. अप्पांनी दोन्ही भरल्या. अप्पांची सही म्हणजे बघत राहावी अशी. शेवटच्या अक्षराखाली एक रेघ, सरळ, पट्टी न लावता ओढलेली.

मग करार आला. इंग्रजीत, अकरा पानं, आणि शेवटी दोन साक्षीदार. अप्पा इंग्रजी लिहायचे सुरेख, पण वकिली इंग्रजी त्यांना कळत नव्हतं. त्यांनी कागद माझ्यापुढं ठेवले. दुसऱ्या दिवशी विचारलं, "सलीमभाई, पुरतं वाचलास का?"

मी म्हणालो, "हाव, वाचलो."

मी पहिलं अर्धं पान वाचलं होतं. त्याच आठवड्यात हरिओम मला म्हणाला होता, चाचा, शारिकला नांदेडच्या ऑफिसात घेतो. शारिक माझा मुलगा. बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरी होता आणि जोहरा त्याच्या ताटात वाढताना बोलायची बंद झाली होती. त्या अकरा पानांत काही वाकडं निघालं असतं, तर शारिकचं काय झालं असतं? म्हणून मी वाचलंच नाही. वाचता येत नव्हतं असं नाही.

मी सही केली. दुसरी साक्षीदार नीलाबाई. तिला लिहिता येत नव्हतं. तिनं अंगठा उठवला आणि अप्पांनी त्याच्या बाजूला आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'निशाणी अंगठा नीलाबाई'. दोघांनी पाहिलं, दोघांनी हो म्हटलं. अप्पांनी आमच्या नावांपुढं दोन बारीक खुणा केल्या आणि मग स्वतःची सही केली. हरिओमनं त्यांना शाल पांघरली, नारळ दिला, फोटो काढला. फोटोत मी हसतोय.

पुढं दीड वर्षात सगळं उरकलं. सरांना पान हवं असलं की ते नांदेडला टाइप करून पाठवायचे आणि तासाभरात मशीनमधून अप्पांच्या अक्षरातलं पान तयार. दुसऱ्या सरांकडं पाठवायची गरज नाही, शाई सुकायची वाट बघायची नाही. लिहिणाऱ्या पोरांतला एक रिक्षा चालवायला लागला, एक होस्टेलवर वॉचमन झाला, एक पुण्याला गेला, तो तिकडचाच झाला. नीलाबाई होस्टेलची भांडी घासायला लागली. माझ्या मशिनी एकेक करून गेल्या. अप्पांना सरांनी काढलं नाही, नुसतं बोलावणं बंद केलं. बोलावणं बंद केलं, की काढलं म्हणायची सोय राहत नाही.

आणि माझा शारिक नांदेडहून इस्त्रीचा शर्ट घालून यायचा, बहिणीला, नाजियाला, मिठाई आणायचा. गल्लीत पोरं बसून होती आणि माझं पोरगं कामावर होतं. मला त्याचं बरं वाटायचं. हे सांगायला नको वाटतं, पण बरं वाटायचं.

एके दिवशी दुपारी उदगीरहून एक बाई आली. अप्पा दुकानाच्या पायरीवर बसले होते. तिनं पिशवीतून एक पान काढून त्यांच्यापुढं धरलं. "हे तुमीच लिव्हलाव न्हवं?"

पान हृदयाच्या आकृतीचं होतं. डावीकडच्या झडपेचं नाव उजवीकडं आणि उजवीकडचं डावीकडं. बाईच्या मुलीनं तेच पाठ केलं होतं, तोच प्रश्न आला, आणि थोडक्या मार्कांनी तिची मेडिकलची सरकारी जागा गेली. पानाखाली, उजव्या कोपऱ्यात, दोन बारीक खुणा होत्या.

बाई म्हणाली, "क्लासचे सर म्हनले, एकदा पुस्तकात बघून घ्या. मीच म्हनलं, दोन खुणा हायत, कशाला बघायचं."

अप्पा ते पान कितीतरी वेळ बघत होते. त्यातलं प्रत्येक अक्षर त्यांचं होतं आणि ते पान त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. मी मधे पडलो. म्हणालो, बाई, हे मशीननं केलंय, यांनी नाही लिहिलं. अप्पांनी मला हातानं गप्प केलं आणि बाईला म्हणाले, "चुकलं माझं, ताई."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं नांदेडला गेलो. काचेचं ऑफिस. पोरं कानाला हेडफोन लावून ओळीनं बसलेली, त्यांत शारिकही. तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, "सर, सगळं मटेरियल दोन वेळा चेक केलेलं आहे." मला बघून त्यानं मान खाली घातली, पण बोलणं थांबवलं नाही. थांबवता येत नव्हतं.

हरिओमनं आम्हाला चहा दिला. अप्पा म्हणाले, "अक्षर ठेव तुझ्याकडं. खुणा तेवढ्या काढ."

"अप्पा, त्या आपोआप येतात प्रत्येक पानावर. तेच बघून तर लोक घेतात."

"पान तपासतं कोण?"

"सिस्टीम हाय ना."

"माणसं किती?"

हरिओमनं चहाचा कप पुढं सरकवला. मग म्हणाला, "करून राहिलो, अप्पा. पुढच्या टायमाला तपासायला माणूस ठेवणार हाय." अप्पा उठेनात, तेव्हा त्यानं तो करार काढला आणि अगदी आदरानं एका कलमावर बोट ठेवलं. अक्षर, खुणा, सही, सगळं कायमचं कंपनीचं. "सलीमचाचांनी वाचून साक्ष दिली हाय की."

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. तिथं मी पहिल्यांदा खरं बोललो. "म्या वाचलो नव्हतो, अप्पा."

परतीच्या गाडीत ते लोहा सोडून अहमदपूर येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसले. अहमदपूरच्या स्टँडवर त्यांनी चहा घेतला, अर्धा मला दिला. शिव्या दिल्या नाहीत. ते एवढंच म्हणाले, "माझ्या लेकराचं नाव लिव्हाया म्या तीन दिवस थांबलो. आन् तुझ्या तोंडाकडं बघून एका दिवसात सही केलो."

त्यानंतर हरिओमचा तो सत्कार झाला आणि ती बातमी आली. दीडशेत शारिक होता, फोनवरची सगळी पोरं होती, करारावर नाव होतं म्हणून अप्पाही होते. नीलाबाई त्यात नव्हती, लिहिणारी सात-आठ पोरं नव्हती, झेरॉक्सची अकरा दुकानं नव्हती. कोणी किती जणांना काम दिलं हे सांगायला व्यासपीठ मिळतं. कोणी किती जणांचं काम घेतलं हे विचारणारं टेबल मला अजून कुठल्या कचेरीत दिसलेलं नाही. बातमीनंतर पाच महिन्यांनी कंपनी पुण्याला गेली आणि फोनची पोरं इथंच राहिली. शारिक आता माझ्याच दुकानात मोबाइलची कव्हरं विकतो. सकाळी माल आणायला जातो आणि संध्याकाळपर्यंत येत नाही. मीही विचारत नाही.

आता शेवटचं. गेल्या जूनमध्ये अप्पा आणि त्यांची मुलगी शिवकन्या दुकानात आले. ती भूकंपानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली, नर्सिंगला प्रवेश मिळालेला. पालकाच्या सहीचा एक फॉर्म होता. मी पेन पुढं केलं. अप्पा म्हणाले, "पॅड दे."

"कशाला?"

"अंगठा उठवतो."

मला वाटलं हाताला काही लागलंय. "अप्पा, सही करा की. तुमच्यासारखी सही हाय का लातुरात कुणाची."

"सही कंपनीकडं हाय," ते म्हणाले. "माझ्याकडं एवढंच ऱ्हायलं."

शिवकन्या दुसरीकडं बघत उभी होती. तिला हे माहीत होतं म्हणजे घरी आधी बोलणं झालेलं होतं. मी पॅड उघडून पुढं केलं. त्यांनी डावा अंगठा शाईवर फिरवला आणि फॉर्मवर टेकवला, नीलाबाईनं टेकवला होता तसाच, जरा जास्त दाबून. मग फॉर्म माझ्याकडं सरकवला. अंगठ्याच्या बाजूला नाव लिहायला दुसरं कोणी तरी लागतं.

या वेळी मी फॉर्म वाचला. दोन्ही बाजूंनी, शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. अप्पा थांबले. मग माझ्या त्या कावळ्याच्या पायांच्या अक्षरात मी लिहिलं, 'निशाणी अंगठा गुरुलिंग हत्तरगे', आणि खाली साक्षीदार म्हणून माझं नाव. इतक्या वर्षांची सवय, पेन आपोआप कडेला गेलं आणि मी पहिली खूण केली. दुसरी करणार, तेवढ्यात अप्पांनी माझं मनगट धरलं.

"दुसरं कोण हाय?" त्यांनी विचारलं. फॉर्म शिवकन्येचाच, तिची साक्ष धरता येत नव्हती.

मी बाहेर पाहिलं. दुपारचे तीन वाजले होते. पूर्वी या वेळेला गल्लीतून सायकल काढता येत नसे. आता समोरची पाचही शटरं खाली होती. एकच खूण असलेला तो फॉर्म मी शिवकन्येच्या हातात दिला.